अडून राहिलेली कॉफी

"प्या नवाफ पाशा, निवांत कॉफी प्या! ज्यासाठी आलात ते मिळालं म्हणून समजा!"

दिवाणखान्यातून अबू राजीचा आवाज आला तेव्हा नजाह स्वयंपाकघरात कॉफीत वेलदोड्याची पूड टाकत होती. कॉफी अजून किटलीतच होती. पाशांपुढे कप ठेवलेला नव्हता, त्यांनी तोंड उघडून मागणं मांडलेलं नव्हतं, आणि तिचा थोरला दीर सगळं देऊन मोकळाही झाला होता. आता काय म्हणावं या माणसाला!

"यांना जरा म्हणून धीर नाही," ती थोरल्या जावेला म्हणाली. "आधी कप ठेवायचा असतो. पाहुणा कपाला हात न लावता मागणं सांगतो, आपण हो म्हणतो, मग तो पितो. शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे."

उम्म राजी, म्हणजे राजीची आई, कुनाफ्याच्या मिठाईच्या परातीवर पिस्त्याचा चुरा भुरभुरवत होती. "अगं, आनंदात बोलून गेले. ठरलेलंच तर आहे सगळं. तुझ्या लेकीचं लग्न ठरतंय आणि तू रीतभात काय मोजत बसलीस?"

ठरलेलं होतं हे खरं. नजाहची एकुलती एक लेक रनीम आणि तैसीर यांचं एकमेकांवर मन बसलं होतं, बायकाबायकांची बोलणी होऊन गेली होती, आणि आज जाहा आली होती. जाहा म्हणजे मुलाकडच्या मोठमोठ्या माणसांनी सोबतीने येऊन मागणं घालायचं. म्होरक्या म्हणून त्यांनी नवाफ पाशांना आणलं होतं. लष्करातून निवृत्त झालेला हा माणूस ज्या घरी जातो तिथून रिकाम्या हाताने परतत नाही, असं अख्खं अम्मान म्हणायचं. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बापाच्या जागी थोरला चुलता म्हणून अबू राजी बसला होता, नवा कोट घालून आणि छाती काढून. नजाहचा नवरा अदहम जाऊन वर्षं लोटली होती.

मग पाशांचा सावकाश, घोगरा आवाज आला. "अबू राजी, तुमचा शब्द आम्ही डोक्यावर घेतला. आमची मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली, अदहमची लेक रनीम आमच्या तैसीरला द्यावी. दुसरी अशी, की दोन घरं एक होतायत, तर दोन चुलीही एक व्हाव्यात. पायऱ्यांवरचं तुमचं दुकान तैसीरच्या चुलत्याच्या, अबू गालिबच्या हाती द्यावं. तुम्ही न ऐकताच हो म्हणालात. हाज सब्रीच्या मुलाला शोभेल असंच वागलात."

मग कोणीतरी "मुबारक!" म्हणालं आणि सगळेच एकदम बोलायला लागले. त्या गलबल्यात अबू राजीचा आवाज नजाहला कुठे ऐकू आला नाही.

तिच्या हातातून चमचा खाली पडला.

"काय म्हणाले? दुकान म्हणाले ते? आपलं दुकान?" तिने विचारलं.

उम्म राजीचा हात परातीवरच थांबला होता. "असंच काहीतरी म्हणाले खरं," ती पुटपुटली.

नजाहच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अबू गालिबने हे दुकान तिच्याकडे किती वेळा मागितलं होतं! कधी स्वतः येऊन, कधी गोडबोल्या माणसांकरवी, एकदा तर ईदच्या मिठाईबरोबर. प्रत्येक वेळी तिने त्याला ताटलीभर कुटलेल्या छोल्यांचं हुम्मुस खाऊ घालून वाटेला लावलं होतं. पश्चिम अम्मानमध्ये त्याची चकचकीत हॉटेलं होती, सगळी एका साच्यातली. आता त्याची नजर खालच्या जुन्या शहराकडे वळली होती. तिथे प्रत्येक गल्लीत कोणाच्या तरी बापाने, आजाने मांडलेली चूल होती, आणि हा एकेक चूल गिळत चालला होता. कलेजीवाल्याचं दुकान गेलं. मसुराच्या सूपवाल्याचं गेलं. तो सूपवाला म्हातारा आता डोक्यावर कंपनीची टोपी घालून स्वतःच्याच दुकानाचं काचेचं दार गिऱ्हाइकांना उघडून देतो. नजाह तिथून जायला लागली की तो मान दुसरीकडे वळवतो. हे बघून जिला संताप येत नाही तिने आरशात तोंड बघू नये, असं ती उघड म्हणायची.

आणि आता तिची पाळी आली होती, तीही लेकीच्या मागणीच्या पदराला गाठ मारून.

दुकान म्हणजे तरी काय, हुसैनी मशिदीकडून डोंगरावर चढणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी एक खोली. आत हंडा आणि उखळ, बाकी सगळा बारदाना पायऱ्यांवर. लोक पायरीवर बसून, ताटली मांडीवर घेऊन खातात. पॅलेस्टाइनमधल्या लिद्दहून निर्वासित होऊन आलेल्या तिच्या सासऱ्यांनी, हाज सब्रींनी, तिथे पहिला हंडा चढवला. अदहम गेला आणि नजाहने मुसळ हातात घेतलं, तेव्हा बाजार कुजबुजला होता की बाईमाणसाने बाजारात बसून हुम्मुस कुटायचं म्हणजे काय. सासरे म्हणाले होते, "आधी तिच्या हातचं खा, मग काय बोलायचं ते बोल." त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

हाज सब्रीचा एक रिवाज ती अजून पाळत होती. ताटलीतलं हुम्मुस किंवा बाकल्याची उसळ संपली आणि हातात भाकरी उरली, तर गिऱ्हाइकाने ताटली परत आणायची आणि म्हणायचं, "दुरुस्त करा." की पुन्हा वाढायचं, फुकट. असा रिवाज गावात इतरही दुकानांत होता. पण हाज सब्रीची अट होती की माणसाने स्वतः हंड्यापाशी यायचं. ताटली दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही. "ज्याला भूक आहे त्याचं तोंड मला दिसलं पाहिजे," ते म्हणायचे. अबू गालिबने सूपवाल्याचं दुकान घेतलं आणि पहिल्याच दिवशी हा रिवाज बंद केला.

राजी घाईघाईने स्वयंपाकघरात आला. अबू राजीचा थोरला मुलगा, केस चापून बसवलेले. कॉफी ओतायचं काम त्याच्याकडे होतं.

"द्या काकू किटली. सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत," नजाह म्हणाली आणि तिने किटली स्वतःकडे ओढून घेतली. "या किटलीतला थेंब बाहेर जाणार नाही."

"असं काय करता? बाबांनी शब्द दिलाय."

"कशावर दिलाय? कॉफीवर ना? मग कॉफी माझ्याकडे आहे."

"काकू, पाशा बसलेत तिथे! पाशांना कोणी ताटकळत ठेवतं का?"

"आणि पाशांसारखा माणूस आधी चौकशी न करता मागायला येतो का रे? जाहा निघण्याआधी लोक दहा ठिकाणी विचारून घेतात, म्हणजे नकार ऐकायला लागत नाही. पाशांना कोणीतरी सांगितलं असणार की घरातले तयार आहेत. कोणी सांगितलं?"

राजीचे कान लालभडक झाले. नजाहला लहानपणापासून ते कान ठाऊक होते आणि त्याच्या आईला तिच्याहून जास्त ठाऊक होते.

"राजी, इकडे बघ," उम्म राजी म्हणाली. "माझ्या डोळ्यांत बघून बोल."

"हो, मी सांगितलं!" तो उसळून म्हणाला. "काय चुकलं माझं? जन्मभर पायऱ्यांवर वाट्या विसळत बसू? अबू गालिब मला तिथला कारभारी करणार आहे. खुर्ची मिळेल, वातानुकूलित खोली मिळेल. काकू, तुमचेही कष्ट वाचतील. मी काय तुमचं वाईट चिंतलं का?"

"माझे कष्ट वाचवायला तुला कोणी मुखत्यार केलं?" नजाह कडाडली. "मी तक्रार केली होती तुझ्यापाशी? आणि वाट्या तू कधी विसळल्यास रे? सणासुदीला फोटो काढायला येतोस तेवढाच!"

"हळू बोल गं, बाहेर ऐकू जाईल," उम्म राजी म्हणाली. इतका वेळ ती अधेमधेच होती. नवऱ्याची बाजू घ्यावी की जावेची, तिचं तिलाच उमगत नव्हतं. खरं सांगायचं तर दुकान गेल्याचं तिला तेवढं दुःख नव्हतं. नवरा रोज दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि संध्याकाळी कपड्यांना लसणाचा वास घेऊन येतो, याचाच तिला वैताग होता. पण आता तिने मुलाला विचारलं, "बाबांना ठाऊक होतं हे?"

"त्यांना सांगितलं असतं तर हो म्हणाले असते का?"

"म्हणजे भरल्या बैठकीत बापाला तोंडघशी पाडलंस." उम्म राजीने कुनाफ्याची परात उचलून फडताळात ठेवली आणि दार लावून घेतलं. "मग हेही बाहेर जाणार नाही. बसू देत कोरड्या घशाने."

तेवढ्यात अबू राजी स्वतः आत आला. नव्या कोटातही त्याला घाम फुटला होता.

"कॉफी कुठाय? उम्म रनीम, घराची अब्रू जातेय!"

"अब्रू कॉफीने जातेय का?" नजाह म्हणाली. "दुकान देऊन टाकलंत तेव्हा नाही गेली?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, ते दुकान मागतील म्हणून! मला वाटलं मुलगीच मागणार, दुसरं काय मागणार?"

"म्हणून ऐकायच्या आधीच हो म्हणालात."

"आपल्या वडिलांच्या घरी मागणाऱ्याला तोंड वेंगाडायला लावत नसत," तो म्हणाला. स्वतःच्याच बोलण्याने त्याला थोडा धीर आला. "हाज सब्रींचं घर आहे हे."

"हाज सब्री स्वतःच्या ताटलीतलं द्यायचे. तुम्ही माझ्या हातातली ओढून दिलीत. अदहम गेला तेव्हा दुकानाचा परवाना तुमच्या नावावर करायला मी एका शब्दाने हरकत घेतली नाही. म्हटलं, थोरला दीर आहे, बापाच्या जागी आहे. आणि तुम्ही? मला एकदा विचारावंसं वाटलं नाही? दोन पावलं चालून आत यायचं होतं, 'उम्म रनीम, हे असं म्हणतायत' इतकंच म्हणायचं होतं!"

अबू राजी कांद्यांच्या पोत्यावर मटकन बसला. "शब्द गेला गं. एवढ्या माणसांसमोर गेला. आता मागे घेतला तर उद्या बाजारात खुर्ची टाकून कोणत्या तोंडाने बसू?"

"आणि नाही घेतला तर खुर्ची टाकणार कुठे?"

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग बायकोकडे वळला. नेहमीप्रमाणे तीच सोडवील असं त्याला वाटलं असावं. उम्म राजी म्हणाली, "जा, बाहेर जाऊन बसा. पाहुण्यांना एकटं सोडू नये. कॉफी येतेय म्हणावं." तो उठला आणि खांदे पाडून गेला. राजीही मागोमाग निघाला होता, पण आईने त्याचं मनगट धरलं.

"तू थांब. तुझं काम आहे."

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि रनीम आली. अंगात आजीने भरतकाम केलेला झगा, डोळ्यांत सुरमा आणि हातात फोन. नवरी मुलीने बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं, पण आज घरात रीत उरली होती कुठे?

"आई, मी भिंतीला कान लावून सगळं ऐकलं," ती म्हणाली. "तैसीरला विचारलं. त्याला माहीत होतं."

तैसीर नजाहला आवडत होता. पायरीवर बसून निमूट खायचा, भाकरीचा तुकडा कधी वाया घालवायचा नाही. "काय म्हणतो?"

"म्हणतो, चुलता बोलला होता, मी गप्प राहिलो. दुकान कोणाच्याही हाती असलं तरी आपण एकत्रच असणार ना, म्हणतो." रनीमने फोन उलटा करून ओट्यावर ठेवला. "गप्प राहिला, आई. रोज माझ्याशी बोलायचा आणि हे तेवढं बोलला नाही."

आता नजाहपुढे जे उभं राहिलं ते तिला अजिबात नको होतं. किटली बाहेर पाठवली तर दुकान जातं. नाही पाठवली तर जाहा उठून जाते, आणि उठून गेलेली जाहा पुन्हा त्या दारी येत नाही. अबू गालिबने गाठच अशी मारली होती की एक टोक ओढलं की दुसरं आवळावं.

"ऐक, बाळा," ती लेकीला म्हणाली. आवाज आपोआप खाली आला. "मी कॉफी अडवली तर तुझं लग्न अडेल. तू म्हणालीस, आई जाऊ दे, तर मी ही किटली राजीच्या हातात देते. उद्यापासून दुसरं काहीतरी करीन. तुझ्यापेक्षा हंडा मोठा नाही मला."

"माझं नाव पुढे करून आजोबांचं दुकान मागितलं त्यांनी," रनीम म्हणाली. "मला शेपटीला बांधून! मला आत्ता राग आलाय, आई. रडू नंतर येईल. किटली देऊ नकोस."

राजी खिडकीकडे बघत उभा होता. उम्म राजीने हात पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाली, "शब्द मागे घेता येत नाही, ते काही होणार नाही. पण कॉफी अजून कोणाच्याच पुढे ठेवलेली नाही. कप ज्याच्यापुढे आधी, त्याचं मागणं आधी."

"म्हणजे?" नजाहने विचारलं.

"म्हणजे तूही माग. जाहा घेऊन ये."

"कुठून आणू आत्ता जाहा? आणि बायकांची जाहा कोणी ऐकलीय?"

"नसेल कोणी ऐकली. आपण तिघी आहोत, मागचं दार उघडं आहे, अंगणातून वळलं की पुढचं दार. तू या घरात वर राहतेस, पण पुढच्या दाराने आलं की पाहुणी. पाहुण्याला हाकलून द्यायची हिंमत माझ्या नवऱ्यात नाही, तेवढं मी ओळखते." मग ती मुलाकडे वळली. "आणि तू कॉफी ओतशील. आम्ही बसलो की पहिला कप तुझ्या काकूपुढे. दुसऱ्या कोणापुढे ठेवलास तर आजपासून मला आई म्हणू नकोस."

"आई, लोक हसतील!"

"हसू देत. तू रडवलंयस ते पुरे झालं."

तिघी मागच्या दाराने बाहेर पडल्या. लिंबाच्या झाडाखालून, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून, भिंतीला धरून त्या पुढच्या रस्त्यावर आल्या. उम्म राजीच्या पायात स्वयंपाकघरातल्याच चपला होत्या. नजाहने घंटा वाजवली आणि बोट तसंच दाबून धरलं.

अबू राजीने दार उघडलं. समोर स्वतःची बायको, भावजय आणि नवरी मुलगी बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अस्सलामु अलैकुम," नजाह मोठ्याने म्हणाली, आतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी. "हाज सब्रींच्या घरी आम्ही मागणं घेऊन आलोय. आत या म्हणणार की नाही?"

"वालेकुम अस्सलाम," तो सवयीने म्हणाला आणि बाजूला झाला.

बैठकीत कुजबूज उठली. कोणी खाकरलं, कोणी हसू दाबलं. तैसीरने रनीमला पाहिलं आणि मान खाली घातली. अबू गालिब म्हणजे गुळगुळीत दाढीचा, हातात माळ घेऊन बसलेला माणूस. त्याने कपाळाला आठी घातली. "अबू राजी, पुरुषांच्या बैठकीत घरातल्या बायका? हे बरं दिसतं का?"

"दाराने आलेला माणूस पाहुणा असतो," नवाफ पाशा म्हणाले. त्यांनी शेजारच्या दोघांना खूण करून सरकायला लावलं. "बसा, बाई."

तिघी बसल्या. राजी किटली घेऊन आला. त्याने कप नजाहच्या पुढ्यात ठेवला, कोणाकडे न बघता. नजाहने हात मांडीवरच ठेवले. कपाला बोटही लावलं नाही. ते पाहून बैठकीतला शेवटचा हसणाराही गप्प झाला, कारण याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता.

"हा पोरखेळ आहे," अबू गालिब म्हणाला. "शब्द आम्हाला आधी मिळालाय. सगळ्यांनी ऐकलाय."

"ऐकलाय तर," नजाह म्हणाली. "'कॉफी प्या' म्हणाले, तेही ऐकलंय. प्यायलात? कुठाय तुमचा कप?"

सगळ्यांच्या नजरा आपोआप टेबलांवर गेल्या. टेबलांवर राखदाण्या होत्या, पाण्याचे पेले होते, बाकी काही नव्हतं.

पाशा तिच्याकडे निरखून बघत होते. "उम्म रनीम, तुम्ही राजीखुशीने तयार आहात असं मला सांगितलं गेलं होतं."

"कोणी सांगितलं, पाशा?"

पाशांनी अबू गालिबकडे पाहिलं. अबू गालिबने राजीकडे पाहिलं. राजी किटली घेऊन भिंतीला टेकला होता आणि तिथून पुढे त्याला जायला जागा नव्हती.

"मला पोराने सांगितलं," अबू गालिब म्हणाला. "घरातलाच पोरगा आहे. मी खोटं कशाला मानू?"

"तुम्ही माझ्याकडे किती वेळा आलात?" नजाह म्हणाली. "आणि किती वेळा नाही ऐकून गेलात? मग पोराच्या एका शब्दाने तुमचा विश्वास बसला आणि माझ्या इतक्या वेळच्या नकाराने बसला नाही? सरळ मागून मिळत नाही म्हणून माझ्या मुलीच्या आडून आलात. तुमच्याकडे एवढी हॉटेलं आहेत, जेवायला माणसं आहेत, टोप्या घातलेली माणसं आहेत. एका बाईचा एक हंडा तुम्हाला बघवत नाही?"

पाशांचा चेहरा काळवंडला होता. "अबू गालिब," ते म्हणाले, "मी तरुण होतो तेव्हा पगार व्हायच्या आधीचे दिवस मी त्या पायऱ्यांवर काढलेत. ताटली घेऊन हाज सब्रींपुढे उभा राहायचो. आज तू मला त्याच दुकानावर दरोडा घालायला लावलास." मग ते अबू राजीकडे वळले. "बाईंची कॉफी थंड होतेय. तुम्ही घराचे मालक. बोला."

अबू राजी इतका वेळ दाराशीच उभा होता. तो पुढे आला, भावजयीसमोर थांबला. "तू आधी मागणं सांग, उम्म रनीम," तो म्हणाला. "आज मी ऐकल्याशिवाय हो म्हणणार नाही."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. अबू राजीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"दुकान पायऱ्यांवर आहे तिथे आणि आहे तसं राहील," नजाह म्हणाली. "आणि परवाना माझ्या आणि रनीमच्या नावावर होईल. तुमची खुर्ची दाराशी होती तशी राहील. एवढं मिळालं तर पिते. नाही तर उठते."

परवान्याची गोष्ट उम्म राजीलाही नवीन होती. तिने चमकून जावेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे बघून तिने मान हलवली, अगदी किंचित. अबू राजीचा स्वतःचा मुलगा समोर होता, आणि त्या मुलाकडे त्याने एकदाच पाहिलं.

"पी," तो म्हणाला. "मिळालं तुला. कॉफी पी."

नजाहने कप उचलला. कॉफी पार निवली होती आणि तिच्यात गाळही आला होता. ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, मग दुसरी नको म्हणून तिने कप हलवला आणि खाली ठेवला.

अबू गालिब माळ खिशात घालून उठला आणि कोणाचा निरोप न घेता गेला. त्याच्याबरोबर त्याची दोन माणसं गेली. तैसीर उठला नाही.

"आता माझ्याकडे एकच मागणं उरलं," पाशा म्हणाले. "राजी, ओत." राजीने त्यांच्यापुढे कप भरला. पाशांनी अबू राजीकडे पाहिलंच नाही. त्यांनी रनीमला विचारलं, "बेटा, पिऊ का?"

रनीम उभी राहिली. नजाहला तिचा हात धरावासा वाटला, पण तिने धरला नाही. हे उत्तर पोरीचं होतं.

"पाशा, तुम्ही मोठे आहात, राग मानू नका," रनीम म्हणाली. "कपाला आज हात लावू नका. तुम्ही आलात, चुलते आले, सगळे आले, आणि ज्याला हवंय तो मला एक शब्द सांगायला आला नाही. आमच्या दुकानात ताटली दुसऱ्याच्या हाती पाठवायची नसते. पुन्हा हवं असेल तर ज्याची भूक आहे त्याने स्वतः पायऱ्या उतरून यावं आणि माझ्यासमोर उभं राहून मागावं. मिळेल की नाही ते तेव्हा सांगीन."

तैसीरने मान वर केली. तो काहीतरी बोलणार होता, पण पाशांनी हाताने त्याला थांबवलं.

"इथे नाही," ते म्हणाले. "तिने जागा सांगितलीय."

पाशा उठले आणि मागोमाग सगळे उठले. अबू राजी प्रत्येकाला दारापर्यंत पोचवायला गेला, आणि या खेपेला त्याने कोणालाही काही कबूल केलं नाही. दार लागलं. टेबलावर पाशांचा कप काठोकाठ भरलेला तसाच होता.

उम्म राजीने फडताळ उघडून कुनाफ्याची परात बाहेर काढली. राजी किटली धरून उभाच होता, ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही.

"आई," रनीम म्हणाली. तिच्या डोळ्यांतला सुरमा अजून शाबूत होता. "आता येतंय रडू."

"ये," नजाह म्हणाली आणि तिला जवळ ओढून घेतलं.